प्रश्नांना न भिणारे संत : थॉमस अक्वायनस

दरवर्षी २८ जानेवारी रोजी ख्रिस्तसभा संत थॉमस अक्वायनस यांचा सण साजरा करते. धर्मगुरू होऊ इच्छिणाऱ्या उमेदवारांना ईशज्ञानाबरोबर किमान दोन वर्षांचे तत्त्वज्ञान शिकावे लागते. त्यामुळे सेमिनरीत शिकलेल्या आम्हां मंडळींना हे नाव चांगले परिचयाचे आहे. प्रापंचिक बंधुभगिनींच्या कानांवर मात्र ते क्वचितच पडते. तत्त्वज्ञान हा आपला प्रांत नव्हे, अशी त्यांची समजूत असते. मग एखाद्या घरात लहान मूल विचारते की, सर्व काही देवाने निर्माण केले, तर देवाला कोणी निर्माण केले? असे विचारू नये, पाप लागते, असे सांगून त्याला गप्प बसवले जाते. मूल गप्प बसते, पण प्रश्न मनात राहतो. महाविद्यालयात गेल्यावर तो पुन्हा डोके वर काढतो आणि तेव्हा उत्तर द्यायला घरातले कोणी जवळ नसते. म्हणूनच या संताचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवत आहोत.

थॉमस यांचा जन्म इ. स. १२२५ च्या सुमारास, रोम व नेपल्स या शहरांच्या दरम्यान असलेल्या रोकासेक्का येथील गढीत एका सरदार घराण्यात झाला. ते जेमतेम पाच वर्षांचे असताना वडील लँडल्फ व आई थिओडोरा यांनी त्यांना माँटे कॅसिनो येथील बेनेडिक्टाइन मठात शिक्षणासाठी पाठवले. पुढे आपला मुलगा त्याच मठाचा अधिपती व्हावा, अशी घराण्याची अपेक्षा होती. देव म्हणजे काय, हा प्रश्न बाल थॉमस तेथील गुरुजनांना वारंवार विचारीत असत, असे परंपरा सांगते. १२३९ साली सम्राट व पोप यांच्यातील संघर्षाची झळ मठाला लागली आणि थॉमस नेपल्सच्या विद्यापीठात दाखल झाले. ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल यांच्या ग्रंथांशी त्यांचा परिचय तेथेच झाला.

तेथेच त्यांना डोमिनिकन संघाचे व्रतस्थ भेटले. हा संघ तेव्हा नवा होता. भिक्षेवर जगणे, अभ्यास करणे आणि प्रवचन देणे ही त्याची जीवनपद्धती. १२४४ साली थॉमस यांनी त्या संघात प्रवेश केला. सरदाराच्या मुलाने भिक्षेकरी व्हावे हे घरच्यांना मानवले नाही. भावांनी त्यांना वाटेतच धरून आणले आणि सुमारे एक वर्ष घरच्यांनी त्यांना नजरकैदेत ठेवले. थॉमस बधले नाहीत. अखेर घरच्यांनीच हात टेकले.

यानंतर पॅरिस व कोलोन येथे संत आल्बर्ट यांच्या हाताखाली त्यांचे अध्ययन झाले. देहाने धिप्पाड आणि स्वभावाने अबोल असलेल्या थॉमस यांना सहाध्यायी मुका बैल म्हणून चिडवीत. या मुक्या बैलाचा आवाज एक दिवस साऱ्या जगाला ऐकू जाईल, असे भाकीत गुरूंनी केले होते, असे त्यांचे जुने चरित्रकार सांगतात. १२५६ साली ते पॅरिस विद्यापीठात ईशज्ञानाचे आचार्य झाले.

तो काळ वैचारिक खळबळीचा होता. ॲरिस्टॉटल यांचे अनेक ग्रंथ इब्न सिना व इब्न रुश्द या मुस्लिम विद्वानांच्या भाष्यांसह युरोपात येत होते. हे विश्व अनादी आहे, अशी त्यांतील काही मते ख्रिस्ती श्रद्धेशी जुळत नव्हती. १२१० साली पॅरिस येथे ॲरिस्टॉटल यांच्या निसर्गविषयक ग्रंथांच्या अध्यापनावर बंदीही घालण्यात आली होती. काही जण हे ग्रंथ दूर ठेवा म्हणत, तर काही जण त्यांतील सर्व काही डोळे मिटून स्वीकारीत. थॉमस यांनी ते ग्रंथ बारकाईने वाचले, त्यांवर भाष्ये लिहिली, पटले ते घेतले आणि जे पटले नाही ते कारणे देऊन नाकारले. सत्य कोणाच्याही मुखातून आले तरी त्याचा उगम परमेश्वरच आहे, म्हणून श्रद्धा व बुद्धी यांत खरा विरोध असूच शकत नाही, ही त्यांची धारणा होती.

'सुम्मा थिऑलॉजिए' हा त्यांचा प्रमुख ग्रंथ. ईशज्ञानाचा अभ्यास नव्याने सुरू करणाऱ्यांसाठी तो लिहीत असल्याचे त्यांनी प्रस्तावनेत नमूद केले आहे. त्यात एकूण ५१२ प्रश्न हाताळलेले आहेत. प्रत्येक प्रश्नाच्या पोटविषयात ते प्रथम विरोधकांचे आक्षेप मांडतात. त्यानंतर विरुद्ध बाजूचे एखादे वचन, मग स्वतःचे उत्तर आणि शेवटी एकेका आक्षेपाचे निरसन. देव आहे काय, हाही त्यांनी प्रश्नच मानला. जगात इतके दुःख व दुष्टता असताना देव कसा असेल, हा आक्षेप नास्तिकांनी मांडण्याची वाट न पाहता त्यांनी स्वतःच सर्वांत आधी लिहून ठेवला. आपल्या घरांत व धर्मग्रामांत होणाऱ्या चर्चांमध्ये समोरच्याचे म्हणणे आपण इतक्या प्रामाणिकपणे ऐकतो का, असा विचार आमच्या मनात येतो.

आता त्या लहान मुलाच्या प्रश्नाकडे वळू. घरातील विजेचा दिवा या क्षणी उजेड देतो, कारण या क्षणी तारेतून वीज येत आहे. तारेजवळही स्वतःची वीज नसते. ती दुसरीकडून येते. तार कितीही लांब केली, तरी वीज निर्माण करणारे केंद्र कोठेतरी असावेच लागते. त्याचप्रमाणे जे जे आपले अस्तित्व दुसऱ्याकडून घेते, त्याला देणारा हवा. हे सारे घेणारेच असतील आणि मुळात देणारा कोणीच नसेल, तर आज काहीच अस्तित्वात नसते. परमेश्वर हा घेणाऱ्यांच्या रांगेतील पहिला नव्हे. त्याचे अस्तित्व त्याचे स्वतःचे आहे. म्हणून त्याला कोणी निर्माण केले, हा प्रश्न त्याला लागू पडत नाही. विजेचा दाखला आमचा आहे. त्यामागील विचार थॉमस यांचा. एवढे तर आईवडिलांना मुलाला सांगता येईल!

इतका मोठा पंडित सामान्य भाविकांपासून दूर राहिला असेल, असे कोणास वाटेल. पण तसे नव्हते. १२७३ च्या उपवासकाळात थॉमस यांनी नेपल्स येथे लोकांच्या बोलीभाषेत प्रवचने दिली. प्रेषितांचा विश्वासांगीकार, प्रभूने शिकवलेली प्रार्थना आणि दहा आज्ञा हे त्यांचे विषय होते. एका साध्या माशीचेही स्वरूप कोणा तत्त्वज्ञाला पूर्णपणे उलगडलेले नाही, असे त्यांनी तेथे सांगितले. ख्रिस्ताच्या आगमनानंतरची एखादी वृद्ध स्त्री श्रद्धेने जे जाणते, ते पूर्वीच्या तत्त्वज्ञांना सर्व प्रयत्न करूनही कळले नव्हते, हेही त्यांनी सांगितले. बुद्धीचा एवढा सन्मान करणाऱ्या थॉमस यांना बुद्धीची मर्यादाही ठाऊक होती.

त्याच वर्षी ६ डिसेंबर रोजी मिस्सा अर्पण करताना त्यांना काही विलक्षण अनुभव आला. त्यानंतर त्यांनी लेखणी खाली ठेवली. जे पाहिले त्याच्यापुढे आपले सारे लेखन त्यांना वाळक्या काडीसारखे वाटू लागले. 'सुम्मा' अपूर्णच राहिली. १२७४ साली लिऑन येथील विश्वपरिषदेला जाताना ते वाटेत आजारी पडले आणि ७ मार्च रोजी फोसानोव्हा येथील मठात त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय पन्नाशीच्या आतच होते.

त्यांची कसोटी मृत्यूनंतरही संपली नाही. १२७७ साली पॅरिसच्या बिशपांनी २१९ विधाने निषिद्ध ठरवली. त्यांतील काही थॉमस यांच्या मतांशी मिळतीजुळती होती. पुढे १३२३ साली पोप जॉन बाविसावे यांनी त्यांना संतपद बहाल केले आणि १५६७ साली पोप पायस पाचवे यांनी ख्रिस्तसभेचे आचार्य म्हणून त्यांना गौरवले. १८७९ साली पोप लिओ तेरावे यांनी एका विश्वपत्राद्वारे त्यांच्या तत्त्वज्ञानाचा अभ्यास पुन्हा सुरू करण्याचे आवाहन केले. श्रद्धा व बुद्धी यांच्या नात्यावरील १९९८ च्या विश्वपत्रात पोप जॉन पॉल दुसरे यांनीही त्यांचा आदर्श पुढे ठेवला.

प्रिय वाचकहो, तत्त्वज्ञानाचा आरंभ करण्यासाठी जाड ग्रंथांची गरज नाही. संध्याकाळी कुटुंबाची रोझरी झाल्यावर मुलांना आठवड्यातून एकदा मनातला प्रश्न विचारू द्या. त्यांचे म्हणणे शेवटपर्यंत ऐका. उत्तर ठाऊक नसेल तर तसे मोकळेपणाने सांगा आणि तो प्रश्न आपल्या धर्मगुरूंकडे घेऊन या. आम्हां धर्मगुरूंनाही त्या निमित्ताने जुनी पुस्तके पुन्हा उघडावी लागतील आणि ते आमच्याही हिताचेच ठरेल. विद्यार्थ्यांचे आश्रयदाते संत थॉमस आपल्या घराघरांतील प्रश्नकर्त्यांसाठी प्रभूकडे विनवणी करोत.