व्हिन्सेंट द्यू विन्यो

व्हिन्सेंट द्यू विन्यो यांचा जन्म १८ मे १९०१ रोजी अमेरिकेतील शिकागो शहरात झाला. लहानमोठी कामे करत त्यांनी रसायनशास्त्राचे शिक्षण घेतले.

बाळंतपणानंतर काही स्त्रियांचा रक्तस्राव थांबत नाही. त्यामुळे त्यांच्या जिवाला धोका असतो. ऑक्सिटोसिन हे द्रव्य गर्भाशय आकुंचित करून हा रक्तस्राव रोखते. मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतून ते रक्तात येते. पूर्वी हे औषध जनावरांच्या ग्रंथींतून काढावे लागे. ते फार थोडे मिळे आणि त्यात इतर द्रव्येही मिसळलेली असत.

न्यूयॉर्कमधील कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयात विन्यो यांनी अनेक वर्षे खपून ऑक्सिटोसिन शुद्ध केले. त्यात नऊ अमिनो आम्ले असतात. माळेतील मण्यांप्रमाणे ती ठरावीक क्रमाने जोडलेली असतात. विन्यो यांनी हा क्रम शोधला आणि १९५३ मध्ये तीच माळ प्रयोगशाळेत गुंफली. स्त्रियांना हे कृत्रिम औषध दिले, तेव्हा नैसर्गिक द्रव्याइतकाच गुण आला.

१९५५ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ११ डिसेंबर १९७८ रोजी त्यांचे निधन झाले. जगभरातील प्रसूतिगृहांत आजही हे औषध मातांचे प्राण वाचवते.