डॉक्टर की फौजी? – एका सोलापूरकराची गोष्ट

आपण इंजिनिअरिंगला आहोत म्हणजे आपल्याला करिअरमधलं सगळं कळतं, असा गावाकडच्या लोकांचा एक गोड समज असतो. त्यामुळे होस्टेलवर प्रत्येकाला कुणा ना कुणाचा सल्ला विचारणारा फोन येतोच. माझा मामेभाऊ धारूर तालुक्यातला, अकरावीला आहे. पठ्ठ्यानं मॅथ्स आणि बायोलॉजी दोन्ही घेतलंय. त्याला एनडीएतून एअर फोर्समध्ये जाऊन लढाऊ विमान उडवायचंय, आणि मामांना घरात डॉक्टर पाहिजे. मामांची तीन एकर कोरडवाहू. एनडीएत शिक्षणाचा खर्च सरकारचा, हे त्यांना पटतं. पण डॉक्टर झाला तर अंबाजोगाईला का होईना, डोळ्यासमोर राहील आणि फौजेत गेला तर गेला, ही धास्ती त्यांच्या मनातून जात नाही. मामा चुकीचं बोलतात असं मला वाटत नाही. पोरगाही चुकीचा नाही. त्याच विचारात असताना लायब्ररीत डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्याबद्दल वाचायला घेतलं. डॉक्टरकी आणि लढाई या दोन्ही गोष्टी या माणसाच्या वाट्याला एकदमच आल्या होत्या.

कोटणीस म्हणजे आपल्या शेजारचेच. तुळजापूर ओलांडलं की सोलापूर. १० ऑक्टोबर १९१० ला तिथं त्यांचा जन्म झाला. वडील शांताराम कोटणीस गिरणीत नोकरीला, घरात भावंडं बरीच, परिस्थिती बेताची. अशा घरातला मुलगा मुंबईला सेठ जी. एस. मेडिकल कॉलेजात जाऊन डॉक्टर होतो म्हणजे काय, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. पास झाल्यावर पुढं सर्जरीत पोस्ट ग्रॅज्युएशन करायचं, अशी त्यांची तयारी चालली होती.

त्या काळात विमानाचं स्वप्न बघणं जवळपास अशक्यच होतं. इंडियन एअर फोर्स १९३२ मध्ये स्थापन झाली, पण १९३८ पर्यंत तिच्याकडे अवघं एकच स्क्वॉड्रन होतं. कोटणीसांनी लष्करी विमानं पाहिली ती खालून, बॉम्ब पडणाऱ्या गावांत उभं राहून.

झालं असं, की १९३७ मध्ये जपाननं चीनवर मोठं आक्रमण केलं. चीनच्या आठव्या रूट आर्मीचे सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंना पत्र लिहून डॉक्टर आणि औषधं पाठवायची विनंती केली. तेव्हा काँग्रेसचे अध्यक्ष होते सुभाषचंद्र बोस. त्यांनी आवाहन केलं, देशभरातून वर्गणी जमा झाली आणि पाच डॉक्टरांचं पथक ठरलं. प्रमुख अलाहाबादचे डॉ. अटल, नागपूरचे डॉ. चोळकर, कलकत्त्याचे डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी, आणि अठ्ठावीस पूर्ण व्हायच्या आतले आपले कोटणीस. चीन नकाशात कुठं आहे एवढंच माहीत असताना त्यांनी नाव दिलं. आई तयार नव्हती. वडिलांनी होकार दिला. १ सप्टेंबर १९३८ ला पथक मुंबईहून बोटीनं निघालं. जायचं होतं साधारण वर्षभरासाठी.

चीनला पोचल्यावर पाचही जणांनी आपल्या नावापुढं 'हुआ' लावलं. हुआ म्हणजे चीन. कोटणीस झाले के दिहुआ. कँटन, हँकाऊ, चुंगकिंग असा त्यांचा प्रवास झाला, आणि मागं सोडलेली शहरं जपान्यांच्या हातात पडत गेली.

चुंगकिंगला असताना सोलापूरहून वडील गेल्याची बातमी आली. बहुतेक पुस्तकांत हा प्रसंग दोन ओळींत उरकलेला असतो, की सहकाऱ्यांनी परत जा म्हणून सांगितलं, त्यांनी नकार दिला, आणि पथक पुढं निघालं. मला मात्र इथं थांबावंसं वाटलं. आपल्यापैकी कितीजणांच्या घरी एकट्या बापाच्या जोरावर सगळं चाललंय! डॉक्टर झालेला मुलगा, घरी आई आणि लहान भावंडं, आणि हा परत फिरत नाही. हे बरोबर की चूक ते ठरवायचा अधिकार मला नाही. पण थोर माणूस म्हणून त्या घराची ओढाताण आपण हिशेबातून वगळू नये, एवढं वाटतं.

फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला पोचलं. वर्षअखेरीस अटल, बसू आणि कोटणीस आघाडीकडे निघाले. आठव्या रूट आर्मीकडे स्वतःचं एकही विमान नव्हतं. जपान्यांचं राज्य आभाळात आणि रेल्वेमार्गांवर, यांचं डोंगरात. त्यामुळे हॉस्पिटल म्हणजे खेड्यातली घरं, देवळं, आणि वेळ आली की खेचरांवर लादून हलवायचं सामान. औषधं आणि भूल देण्याचं साहित्य कायम अपुरं. १९४० मधल्या एका लढाईत कोटणीसांनी सलग बहात्तर तास न झोपता ऑपरेशन्स केली. आपण सबमिशनच्या आदल्या रात्री जागतो आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत झोपतो, त्यावरून काय तो अंदाज करा.

बाकीचे एकेक करून परतले. चोळकर आणि मुखर्जी आधीच गेले होते, अटल आजारी पडून गेले. बसू येनानला, आणि कोटणीस आघाडीवर एकटे. तोवर ते चिनी बोलायला, वाचायला आणि लिहायलाही शिकले होते. इतके, की पोरांना सर्जरीची लेक्चर्स चिनीतून द्यायचे. (आपल्याकडं इंग्रजीत एक सेमिनार द्यायचा तर घाम फुटतो.) जानेवारी १९४१ मध्ये त्यांना बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचं संचालक केलं. डॉ. नॉर्मन बेथ्यून हे कॅनडाचे सर्जन. याच आघाडीवर ऑपरेशन करताना बोट कापलं, जखम चिघळली आणि नोव्हेंबर १९३९ मध्ये ते गेले. त्यांचीच जागा कोटणीसांनी घेतली.

बेथ्यून यांच्या समाधीच्या कार्यक्रमात त्यांची ओळख क्वो चिंगलान या नर्सिंग शिकवणाऱ्या मुलीशी झाली होती. नोव्हेंबर १९४१ मध्ये दोघांचं लग्न झालं. २३ ऑगस्ट १९४२ ला मुलगा झाला. जनरल न्ये रोंगझेन यांनी त्याचं नाव सुचवलं यिनहुआ. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन.

दरम्यान त्यांना अपस्माराचे झटके येऊ लागले होते. उपचारासाठी आघाडी सोडून जा, असं वरिष्ठांनी सुचवलं. ते गेले नाहीत. काम चालूच होतं, सर्जरीवरचं पुस्तकही चिनीत लिहायला घेतलं होतं. ९ डिसेंबर १९४२ ला एकामागून एक झटके आले आणि ते गेले. वय बत्तीस. मुलगा साडेतीन महिन्यांचा.

पुढं ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्यांच्यावर पुस्तक लिहिलं आणि त्यावरून १९४६ मध्ये व्ही. शांतारामांनी 'डॉ. कोटनीस की अमर कहानी' काढला. कोटणीसांचं काम शांतारामांनी स्वतः केलं. सिनेमा म्हणून बघायला हरकत नाही, पण खरी गोष्ट त्याहून रुक्ष आणि त्यामुळंच जास्त भिडणारी आहे.

मामेभावाला मी हे सगळं फोनवर सांगितलं. त्याला विमानच पाहिजे, ठीक आहे. पण डॉक्टर आणि फौजी असं दोन्ही होता येतं, पुण्याला १९४८ पासून एएफएमसी आहे, तिथले डॉक्टर एअर फोर्समध्येही जातात, हे त्याला माहीतच नव्हतं. मामांना ते सांगायचं धाडस अजून कुणी केलेलं नाही. कारण त्यांचा प्रश्न पोरगा कोण होणार हा नसून कुठं राहणार हा आहे.

कोटणीसांची समाधी चीनमध्ये शिजियाझुआंगच्या हुतात्मा स्मारकात आहे. सोलापुरातल्या त्यांच्या घराचंही आता स्मारक झालंय. यिनहुआ मोठा होऊन मेडिकललाच गेला, पण शिक्षण पूर्ण व्हायच्या आत १९६७ मध्ये वारला. चिंगलान त्यानंतर पंचेचाळीस वर्षं जगल्या. त्या अनेकदा भारतात आल्या, कोटणीसांच्या घरच्यांना भेटल्या, आणि २०१२ मध्ये चीनमध्येच गेल्या.