रक्ताचे मूळ ओळखणारे पॉल ऊलेनहूट

महाराष्ट्रातील खुनाच्या खटल्यांत ‘सी. ए. रिपोर्ट’, म्हणजे रासायनिक विश्लेषकाचा अहवाल, सादर होतो. कपड्यावरील डाग मानवी रक्ताचा आहे की अन्य प्राण्याच्या, हे त्यात नमूद असते. रेडमंडमध्ये बसून गुन्हेमालिका पाहणाऱ्याला अशा प्रसंगी डीएनएच आठवेल. परंतु या निर्णयाचा पाया त्याच्या कितीतरी आधी, १९०१ मध्ये, जर्मन वैद्य पॉल ऊलेनहूट यांनी घातला.

त्यांचा जन्म ७ जानेवारी १८७० रोजी हॅनोवर येथे झाला. ग्राइफ्सवाल्ड येथे फ्रीडरिश लोफ्लर या नामांकित जंतुशास्त्रज्ञांच्या हाताखाली काम करताना त्यांनी सशाला कोंबडीच्या अंड्यातील पांढरा बलक टोचला. पुढे त्या सशाच्या रक्तद्रवात तोच बलक मिसळताच द्रव गढूळ होऊन साका बसला. मग त्यांनी बलकाच्या जागी मानवी रक्त वापरले. अशा सशाचा रक्तद्रव मानवी रक्ताशीच साका देई. गाय, घोडा, मेंढी यांच्या रक्ताशी नाही. वाळलेला डाग मिठाच्या पाण्यात भिजवला तरी ही खूण टिकून राही.

त्याच वर्षी जुलैमध्ये र्‍यूगेन बेटावर दोन लहान भावांची निर्घृण हत्या झाली. संशयित लुडविग टेसनो हा सुतार. अंगावरचे डाग लाकडाच्या रंगाचे आहेत, असे तो सांगत होता. तीन वर्षांपूर्वी दोन मुलींच्या हत्येच्या वेळी याच सबबीवर तो सुटला होता. शिवाय, काही दिवस आधी बेटावर मेंढ्या कापून टाकल्याचे प्रकरणही त्याच्याशी जोडले जात होते. त्याचे कपडे ऊलेनहूट यांच्याकडे आले. काही डाग मानवी रक्ताचे निघाले, काही मेंढीच्या. सबब संपली आणि टेसनो दोषी ठरला.

परीक्षानळीतील साक्याला पुढे स्थिर जागा मिळाली ती आगरात. आपल्या स्वयंपाकघरातील चायना ग्रास तो हाच. १९४६ मध्ये पॅरिसच्या झाक उदँ यांनी प्रतिजन आगरभरल्या नळीत झिरपू दिले. लवकरच स्वीडनच्या अर्यान औख्टरलोनी यांनी आगराच्या थराला खळगे पाडून एकात प्रतिजन, दुसऱ्यात प्रतिपिंड ठेवले. दोन्ही परस्परांकडे सरकतात आणि योग्य प्रमाणात भेटतात तेथे पांढरी रेघ उमटते. प्रतिपिंड आगरातच मिसळले, तर खळग्याभोवती कडे उमटते. कडे जितके मोठे, तितके प्रतिजन अधिक. डागाचे मूळ ठरवण्यासाठी न्यायवैद्यक प्रयोगशाळांनी ही रीत दीर्घकाळ वापरली.

ऊलेनहूट पुढे स्ट्रासबुर्ग व फ्रायबुर्ग येथे प्राध्यापक झाले. लेप्टोस्पायरोसिसच्या जंतूवरही त्यांनी मोलाचे काम केले. मात्र त्यांच्या उत्तरायुष्याचे कौतुक करणे कठीण आहे. माणूस आणि मेंढी यांच्या रक्तातील भेद दाखवून न्यायाला हात देणारा हा शास्त्रज्ञ नाझी राजवटीचा समर्थक झाला आणि माणसामाणसांच्या रक्तात वंशभेद शोधण्यासाठी त्याने अश्वेत युद्धकैदी मागितले. १३ डिसेंबर १९५७ रोजी फ्रायबुर्ग येथे त्यांचे निधन झाले.