वालचंद हिराचंद : हातातला कारखाना सोडताना

नागावच्या बीचवर सहलीला गेलो की आपण फोटो काढतो, भजी खातो आणि परत येतो. याच अरबी समुद्रातून ५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ हे भारतीय मालकीचं जहाज मुंबईहून लंडनला निघालं होतं. ते पाठवणाऱ्या सिंधिया कंपनीच्या संस्थापकांपैकी एक होते सोलापूरचे शेठ वालचंद हिराचंद.

जन्म १८८२ चा. कॉलेज अर्धवट सोडून ते घरच्या धंद्यात आले, पण तिथे काही मन रमेना. मग रेल्वेची कंत्राटं घेतली, बोरघाटात बोगदे खोदले.

पुढे डोक्यात मोटार शिरली. १९३९ मध्ये ते अमेरिकेला गेले. क्रायस्लर कंपनी तयार होती, पण ब्रिटिश सरकारने युद्धाच्या नावाखाली साथ दिली नाही. त्याच दौऱ्यात विमान व्यवसायातला विल्यम पॉली भेटला. मोटार नाही तर विमान! म्हैसूर संस्थानाने जमीन आणि भांडवल दिलं. डिसेंबर १९४० मध्ये बंगळूरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी उभी राहिली आणि १९४१ मध्ये पहिलं शिकाऊ विमान उडालंसुद्धा!

तेवढ्यात जपान युद्धात उतरला. आता सरकारला कारखाना स्वतःच्या ताब्यात हवा होता. १९४२ मध्ये सरकारने वालचंदांचा हिस्सा विकत घेतला. पैसे मिळाले, पण कारखाना गेला. वय साठीला टेकलेलं. दुसरा कुणी असता तर घरी बसला असता.

वालचंदांनी पुन्हा जुनी मोटारीची फाईल उघडली. १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन झाली, कुर्ल्याला कारखाना आला आणि १९४७ मध्ये क्रायस्लरच्या सहकार्याने गाड्या बाहेर पडू लागल्या. मुंबईची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी पुढे याच कंपनीने बनवली. ती २०२३ पर्यंत रस्त्यावर होती.

विशाखापट्टणमची गोदीही त्यांच्याच सिंधियाची. १९५२ मध्ये तिचाही मोठा हिस्सा सरकारने घेतला, आणि हे सरकार तर स्वदेशी! तोवर वालचंद अर्धांगवायूने अंथरुणाला खिळले होते. ८ एप्रिल १९५३ रोजी ते गेले.

सरकारचं चुकलं का? युद्धात विमानं लागतात, देशाला गोदी लागते, हेही खरंच. पण ताब्यात घ्यायला आधी कुणीतरी कारखाना उभा करावा लागतो ना! कॅम्पस इंटरव्ह्यूच्या रांगेत उभं राहताना आपण एवढा विचार तरी करूया.