मनगटावरचा चंद्र आणि बागलकोटचे हेडमास्तर

आसनगावहून सकाळची लोकल पकडणाऱ्या आमच्या ग्रुपमध्ये सध्या घड्याळांचं वेड आहे. स्मार्टवॉचचं नाही. सोनेरी केस, चामड्याचा पट्टा, वार-तारखेच्या छोट्या खिडक्या आणि डायलवर निळ्या चकतीतून डोकावणारा चंद्र. आजोबांच्या काळातलं वाटावं, पण असतं कोरं करकरीत. माझ्याकडे अशी तीन झालीयत, मुरबाडच्या मित्राकडे पाच.

गेल्या संकष्टीला आई चंद्र दिसायची वाट बघत गच्चीवर उभी होती. पंचांगातली वेळ झाली तरी आपल्या शहापूर-मुरबाडकडे तो जरा उशिराच दिसतो, कारण पूर्वेला सह्याद्री आडवा येतो. मी ऐटीत मनगट पुढे केलं, तर घड्याळात पौर्णिमेचा गोल चंद्र! आठवडाभर कपाटात बंद पडलेलं ऑटोमॅटिक घड्याळ मी तसंच हातात घातलं होतं. आई हसली आणि मला प्रश्न पडला, की पंचांगाला ही वेळ कोण काढून देतं? शोधता शोधता एका शाळामास्तरांपर्यंत पोचलो.

व्यंकटेश बापूजी केतकर. जन्म 1854 चा, नरगुंदचा. हे गाव आज कर्नाटकात आहे, तेव्हा तिथे मराठी संस्थान होतं. वडील बापूशास्त्री ज्योतिषगणिताचे जाणकार, त्यामुळे आकाशाची ओळख घरातच झाली. केतकर सरकारी शिक्षणखात्यात मास्तर झाले आणि पुढे बागलकोटच्या शाळेत हेडमास्तर. हाताशी वेधशाळा नव्हती, कॅल्क्युलेटर तर नव्हताच. होती ती शाळेची नोकरी, कागद-दौत आणि संस्कृत व युरोपीय, दोन्ही गणितं वाचायची तयारी.

त्या काळी आपल्याकडची बहुतेक पंचांगं गणेश दैवज्ञांच्या ग्रहलाघव या ग्रंथावरून बनत. कोकणातल्या नांदगावच्या या गणित्याने तो 1520 च्या सुमारास लिहिला. किचकट त्रिकोणमिती टाळून ग्रह काढायची सोपी रीत त्यात होती, म्हणून तो साडेतीनशे वर्षं टिकला. पण एवढ्या काळात बारीक चुका साठत गेल्या. ग्रहणाची वेळ कागदावर एक आणि आकाशात दुसरीच, असं व्हायला लागलं. केरूनाना छत्र्यांनी 1860 मध्ये ग्रहसाधनाची कोष्टकं मराठीत आणून सुधारणेची सुरुवात केली होती. केतकरांनी तेच काम पुढे नेलं.

इथे आपलं घड्याळ आठवा. मूनफेजच्या चकतीवर दोन चंद्र असतात. साध्या रचनेत तिला 59 दाते असतात आणि रोज एक दाता सरकतो. म्हणजे एका चंद्राला साडेएकोणतीस दिवस. खऱ्या चंद्राला एका अमावास्येपासून दुसरीपर्यंत सरासरी 29 दिवस, 12 तास, 44 मिनिटं लागतात. महिन्याला 44 मिनिटांची ही चूक अडीच वर्षांहून थोड्या जास्त काळात एक दिवसाची होते. महागड्या घड्याळात 135 दात्यांचं चाक असतं, तिथे एका दिवसाची चूक व्हायला 122 वर्षं लागतात. भारीच! पण तीही सरासरीच. खरा चंद्र पृथ्वीजवळ आला की वेगात पळतो, लांब गेला की रेंगाळतो. म्हणून तर तिथी कधी 20 तासांत संपते, कधी 26 तासांच्याही पुढे जाते.

भांडण नेमकं यावरच होतं. तिथी 65 घटींपेक्षा मोठी आणि 54 घटींपेक्षा लहान होऊ शकत नाही, असा जुना नियम होता. (एक घटी म्हणजे 24 मिनिटं.) दृक्गणिताने, म्हणजे आकाशात दिसेल त्याच्याशी जुळणाऱ्या गणिताने, काढलेली तिथी हा नियम मोडते. परंपरेच्या बाजूचे लोक म्हणत, नियम बरोबर. केतकर म्हणत, आकाश बरोबर. उपास कधी सोडायचा, श्राद्ध कुठल्या दिवशी करायचं, हे सगळं त्यावर ठरणार होतं. हा वाद घराघरात पोचणारा होता.

केतकरांनी नुसता वाद घातला नाही. जुनं टाकायचं तर तितकंच सोपं नवं द्यायला हवं, हे त्यांना कळत होतं. ज्योतिर्गणित आणि केतकी ग्रहगणित हे ग्रंथ त्यांनी संस्कृतात लिहिले, म्हणजे गावोगावच्या पंचांगकर्त्यांना ओळखीच्या भाषेत आधुनिक आकडे मिळाले. नक्षत्रविज्ञान हे पुस्तक त्यांनी मराठीत लिहिलं. राशिचक्राची सुरुवात कुठून मोजायची, यावर टिळक रेवती पक्षाचे, तर केतकर चित्रा ताऱ्याच्या बाजूचे. पुढे 1952 मध्ये मेघनाद साहांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने जो आरंभबिंदू घेतला, तो चित्रा पक्षाशी जुळणारा होता. आज बहुतेक मराठी पंचांगं त्याच वाटेने चालतात.

या हेडमास्तरांची झेप इथेच थांबली नाही. 1911 मध्ये फ्रान्सच्या खगोल संस्थेच्या पत्रिकेत त्यांनी नेपच्यूनपलीकडे दोन ग्रह असावेत असं मांडलं. नावंही दिली, ब्रह्मा आणि विष्णू. ब्रह्माचं सूर्यापासूनचं अंतर पृथ्वीच्या 38.95 पट आणि फेरी 242.28 वर्षांची, हा त्यांचा हिशोब. फेब्रुवारी 1930 मध्ये अमेरिकेत प्लूटो सापडला. त्याचं अंतर साडेएकोणचाळीस पट, फेरी 248 वर्षांची! पण लगेच कॉलर टाइट करू नका. आकाशात नेमकं कुठे बघायचं हे केतकरांनी सांगितलं नव्हतं, आणि विष्णू आजवर सापडलेला नाही. आकडे जवळ आले, एवढंच खरं. ऑगस्ट 1930 मध्ये केतकर गेले.

सरासरीवर समाधान न मानता हा माणूस आयुष्यभर दिसणाऱ्या आकाशाशी आकडे जुळवत राहिला. आपल्या छंदात तेवढं तरी यायला हवं. घड्याळ घेताना आधी बघा की डायलवरचा चंद्र खरंच मूनफेज आहे का. स्वस्त मॉडेलमध्ये बऱ्याचदा चोवीस तासांत फिरणारी सूर्य-चंद्राची चकती असते, ती फक्त दिवस-रात्र दाखवते. मेकॅनिकल घड्याळात रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान तारीख किंवा चंद्र फिरवू नका, तेव्हा आतली चाकं बदलाच्या तयारीत असतात आणि दाते दुखावू शकतात.

येत्या पौर्णिमेला मी आणि मुरबाडचा मित्र मिळून आमची आठही घड्याळं लावणार आहोत. ॲप बघून नाही, संध्याकाळी गच्चीवर बसून. सह्याद्रीमागून तो वर आला की मगच चावी फिरवायची.