वर्ध्याचे खानखोजे आणि मेक्सिकोचा मका

गेल्या मे महिन्यात मी भोपाळला मावसभावाकडे गेलो होतो. दादा तिकडे कृषी खात्यात आहे. त्या आठवड्यात त्याचे प्रशिक्षण चालू होते, वनस्पतींच्या जनुकीय अभियांत्रिकीची तोंडओळख. रात्री जेवताना तो सांगे, जिवाणूच्या मदतीने परका जनुक रोपाच्या पेशीत कसा सोडतात. मी पडलो कॉमर्सचा. निम्मे डोक्यावरून गेले. पण मी पांडुरंग सदाशिव खानखोजे यांचे नाव काढले तेव्हा गप्प बसण्याची पाळी दादावर आली. मग मीच सांगत बसलो.

खानखोजे वर्ध्याचे. इंग्रजांशी लढायला लष्करी शिक्षण हवे म्हणून ऐन विशीत घर सोडले, जपानमार्गे अमेरिका गाठली आणि तिथे शेतकीही शिकले. १९१३ साली उभ्या राहिलेल्या गदर चळवळीत ते होते. पहिल्या महायुद्धात इराणात इंग्रजांविरुद्ध लढले. मायदेशाची वाट बंद झाली, तेव्हा पुढे मेक्सिकोला गेले.

तिथे चापिंगोच्या राष्ट्रीय शेतकी विद्यालयात ते शिकवू लागले. त्यांचे मोठे काम मक्यावर. मक्याचा तुरा नर, कणीस मादी. कोवळ्या कणसाला आधीच पिशवी बांधायची आणि केस सुटले की हव्या त्या झाडाच्या तुऱ्याचे पराग त्यांवर झटकायचे. झाला संकर! याला प्रयोगशाळा लागत नाही. मक्याचा त्याच्या रानटी भाऊबंदाशी, तेओसिंतेशी, खानखोजे यांनी संकर केला. दिएगो रिवेरासारखा चित्रकार त्यांचा स्नेही होता.

मला मात्र त्यांच्या मोफत शेतकी शाळा अधिक मोठ्या वाटतात. त्या खुद्द गरीब शेतकऱ्यांसाठी होत्या. संकरित बियाण्याचे गुण पुढच्या पिढीत फुटतात, म्हणून आमच्याकडचा मका लावणारा दरसाल दुकानाची पायरी चढतो. जमाखर्चात तो खर्च कायमचा. ज्याला बियाण्यातले कळते, तो निदान काय विकत घेतो आहोत हे तरी जाणतो.

स्वातंत्र्यानंतर नागपूरच्या सरकारने त्यांना शेतीविषयक समितीसाठी बोलावले. आले, तर विमानतळावरच अडवले गेले. इंग्रजांच्या काळ्या यादीतले नाव कोणी खोडलेच नव्हते! पुढे ते नागपुरास स्थायिक झाले. १९५६ साली राजधानी भोपाळला गेली, खानखोजे नागपुरातच राहिले आणि १९६७ साली तिथेच वारले.

दादाने प्रशिक्षणाच्या वहीच्या मागच्या पानावर त्यांचे नाव लिहून घेतले. वर्ध्याला त्यांचे घर कुठे, हेही विचारले. ते मला सांगता आले नाही.