सावित्रीबाईंच्या घरची बाळंतपणे

सावित्रीबाई फुले यांचा जन्म १८३१ चा, सातारा जिल्ह्यातल्या नायगावचा. त्यांची मुलींची शाळा सगळ्यांना ठाऊक आहे, बाळंतपणांचे काम मात्र फारसे कुणी सांगत नाही.

१८६२ पासून दंडविधान लागू झाले. पोट पाडणे गुन्हा ठरला, खुद्द बाईवरसुद्धा. आपोआप पडले तर गुन्हा नव्हता. पण विधवेचे पडले की पाडले, हे गाव थोडेच ऐकून घेणार! १८६३ साली जोतीराव-सावित्रीबाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. गरोदर विधवेने गुपचूप यावे, बाळंत व्हावे, मूल न्यावे किंवा तिथेच ठेवावे. १८८४ पर्यंत ३५ जणी आल्या. त्यांची ३० मुले दगावली. पोट पाडायला आधी घेतलेल्या जहाल औषधांनी पोटातच इजा झाली, असे जोतीरावांनी नोंदवले आहे. जगली ती पाच.

डॉक्टरकडून रीतसर गर्भपाताची वाट १९७१ च्या कायद्याने खुली झाली. गरोदरपणात नवरा वारला तर २०२१ पासून २४ आठवड्यांपर्यंत मुभा आहे.

१८७४ मध्ये फुल्यांनी एका विधवेचा मुलगा, यशवंत, दत्तक घेतला. तो डॉक्टर झाला. १८९७ च्या प्लेगात त्याच्या दवाखान्यात रोग्यांची सेवा करताना सावित्रीबाईंनाही लागण झाली. १० मार्चला त्या गेल्या.